कर्मचाऱ्यांचं रोजचं येणं-जाणं : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

२ जून २०२५, सोमवार

कालपासून पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बसची, भाडेवाढ लागू झाली. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये आणि पुढे टप्प्याटप्प्यानं चढत जाणारं तिकीट. दैनिक पास ४० रुपयांचा ७० वर गेला आणि मासिक पास ९०० चा १,५०० वर. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांनी गाडीऐवजी बसनं किंवा पायी यावं यासाठीच्या आमच्या प्रकल्पाचं काम सुरू होण्याचा आणि ही वाढ होण्याचा मुहूर्त एकच आला. त्यामुळे पहिलं काम कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडण्याचं.

धायरीहून आमच्या आवारात येणारा कर्मचारी धरला. एकीकडून साधारण १३ किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ५७२ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते असं धरलं तर पावणेतेरा लिटर पेट्रोल. सध्याच्या १०४ रुपयांच्या आसपासच्या दरानं महिन्याला सव्वातेराशेच्या घरात खर्च. मे महिन्यापर्यंत ९०० चा पास काढणारा या माणसापेक्षा स्वस्तात येत होता. आजपासून तो महागात येतो. सर्व्हिसिंग, टायर, विमा, गाडीचा हप्ता हे सगळं धरलं तर बस अजूनही परवडते, पण रोज सकाळी किल्ली हातात घेताना टायरचा खर्च कोणी मोजत नाही. माणूस पेट्रोल मोजतो.

हा आकडा प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ठेवते आहे. ‘लोकांना पर्यावरणाची जाणीव नाही’ हे वाक्य मार्चमध्ये मंजुरीच्या बैठकीत तीन-चार जणांच्या तोंडून ऐकलं. जाणीव असलेल्या माणसालाही महिन्याला दोनशे रुपये जास्त मोजून, दुप्पट वेळ घालवून, भिजत यायला सांगायचं असेल तर आधी आपण काय देतो ते सांगावं लागेल.

थोडं आवाराविषयी. आमचं विद्यापीठ पुण्याच्या पश्चिम कडेला आहे. सर्वांत जवळचं मेट्रो स्टेशन वनाझ, तिथून चारेक किलोमीटर आणि वाटेत चढ. मुख्य फाटकासमोर पार्किंग, मग प्रशासकीय इमारत, मग विभाग, शेवटी प्रयोगशाळा आणि उपाहारगृह. बसथांबा मात्र मागच्या बाजूला, उपाहारगृहाच्या जवळ. तिथे एक फाटक आहे आणि ते बंद असतं.

५ जून, गुरुवार

जागतिक पर्यावरण दिन, म्हणून ‘नो व्हेईकल डे’. महिन्यातून एकदा तो आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांत असतो. उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात, ७.१.५ खाली, हरित आवाराच्या उपक्रमांत वाहनांच्या प्रवेशावर मर्यादा, सायकली व बॅटरीवरच्या गाड्या, पादचाऱ्यांसाठी वाटा अशा गोष्टी मोजल्या जातात. त्यामुळे छायाचित्रं आणि परिपत्रक जपून ठेवावी लागतात. हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही.

सकाळी नऊपासून मुख्य फाटकाबाहेर उभी राहिले. गाड्या आत आल्या नाहीत. त्या बाहेरच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लागल्या. घरून निघताना जी गाडी काढली जाते तीच काढली गेली, फक्त शेवटचे काही मीटर चालणं झालं. कुलसचिव सर स्वतः बावधनहून चालत आले, ते मनापासून आले आणि घामाघूम होऊन आले, त्याचं कौतुक वाटलं.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. सफाईच्या कंत्राटावरच्या बायका बसमधून उतरल्या, बंद फाटकाला वळसा घालून, रस्त्याच्या कडेनं चालत मुख्य फाटकाशी आल्या आणि आत गेल्या. त्या रोजच तशा येतात. सुरक्षा रक्षक, उपाहारगृहातले आचारी, माळीकाम करणारे, ग्रंथालयातले दोन परिचर हेही तसेच. ज्या वागण्यासाठी आपण प्रकल्प काढला ते वागणं या आवारात आधीपासून आहे, आणि ते करणाऱ्यांना त्याची रोज शिक्षा मिळते. लांबचा वळसा, डोक्यावर छप्पर नाही, उशीर झाला तर पगारात कपात.

आजपासून प्रकल्पाची दिशा मी बदलून लिहिली आहे. गाडीवाल्यांना गाडी सोडायला लावणं हे नंतर. बसनं आणि पायी येणाऱ्यांचं येणं-जाणं आधी सुखाचं करायचं. ते सुखाचं झालेलं दिसलं तर बाकीचे विचार करतील, एरवी का करावा?

११ जून, बुधवार

पाहणीचा अर्ज तयार. आस्थापना विभागाकडून नावांशिवाय फक्त पिनकोड घेतले. कोणाच्या घराचा पत्ता आमच्या टेबलावर येण्याची गरज नाही. नकाशावर टाचण्या लावल्यावर ४११०३८, म्हणजे कोथरूड, सगळ्यांत दाट निघालं. त्यानंतर सिंहगड रस्त्याचं ४११०४१ आणि कात्रजकडचं ४११०४६. पिंपरी-चिंचवड विखुरलेलं. हडपसरचे थोडे, पण त्यांचे हाल सर्वांत जास्त.

आस्थापनेच्या यादीत कंत्राटी माणसं नाहीतच. ती ठेकेदाराच्या मस्टरवर. सुरक्षा चौकीतून ते मस्टर मिळवलं. त्यांच्यापैकी पुष्कळजण पिरंगुट, भूगाव, पौडकडून येतात, म्हणजे शहराच्या उलट दिशेनं. शहराची वाहतूक योजना वाचताना ही दिशा डोळ्यांसमोर येत नाही.

अर्जातला पहिला प्रश्न ‘आपण कसे येता?’ असा होता. तो ठेवला, पण त्याच्या वर दुसरा घातला: ‘कामावरून सुटल्यावर घरी पोहोचेपर्यंत कुठे कुठे थांबता?’ विचारायला सुरुवात केल्यावर लोक भरभरून बोलू लागले. पाळणाघर, मुलीचा क्लास, सासऱ्यांचं औषध, मंडई, दळण. लेखा विभागातल्या एका मॅडमनी सांगितलं, “सकाळी मी बसनं येईन हो, संध्याकाळी पाळणाघर साडेसहाला बंद होतं, ते बसला कोण सांगणार?” त्यांची स्कूटर सकाळच्या नऊसाठी नसून संध्याकाळच्या साडेसहासाठी आहे. बायकांच्या अर्जांमध्ये हे पुन्हा पुन्हा येतंय. पुरुषांच्या उत्तरांत थांबे कमी.

२० जून, शुक्रवार

आज ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात. शहरातले रस्ते बदलले, म्हणून काल संध्याकाळीच आम्ही प्रत्येक विभागाच्या गटावर साधा निरोप टाकला होता: स्वारगेटकडच्यांनी मेट्रोनं सिव्हिल कोर्टला यावं, तिथे गाडी बदलून वनाझ, पुढे बस. किती वाजता निघायचं तेही.

बरेच जण तसे आले. काहीजण मेट्रोत पहिल्यांदाच बसले. स्वारगेट ते सिव्हिल कोर्ट भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ लाच सुरू झाला आहे, पण आपल्या रोजच्या वाटेवर तो कसा बसतो हे कोणी बसून सांगितलं नव्हतं. वेळापत्रक भिंतीवर लावणं आणि ‘तुम्ही ८.५० ला निघा’ असं एकेकाला सांगणं यांत फार अंतर आहे. पालखी उद्या मुक्कामी आहे. सोमवारपासून विभागवार बसून प्रत्येकाची वाट कागदावर काढून द्यायची. मराठी विभागातले सर म्हणाले, वारीत कोण एकटा गाडी घेऊन जातो? सगळे एका वाटेनं जातात म्हणून चालणं सोपं होतं.

२७ जून, शुक्रवार

परवा, २५ तारखेला, केंद्रीय मंत्रिमंडळानं वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या मेट्रो विस्ताराला मंजुरी दिली. दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी. आवारात आनंद आहे आणि मलाही झाला. पण त्याबरोबर एक वाक्यही फिरू लागलं: “आता मेट्रोच येणार, मग तुमचा प्रकल्प कशाला?”

पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि पहिला टप्पा ६ मार्च २०२२ ला धावला. नवा टप्पा कधी धावेल ते मी सांगू शकत नाही. पण तोवर इथे रोज माणसं येणार आहेत आणि त्यांच्या सवयी पक्क्या होणार आहेत. मेट्रो दारात आली तरी दारापासून विभागापर्यंतचा रस्ता विद्यापीठालाच करावा लागेल. तो आत्ताच करावा.

८ जुलै, मंगळवार

मागचं फाटक.

बसथांब्यावरून मुख्य फाटकातून प्रयोगशाळेपर्यंत चालत मोजलं, मग मागच्या फाटकातून सरळ गेलं तर किती, तेही मोजलं. वळसा किलोमीटरभराचा निघाला. जाता-येता दोन्ही वेळा, पावसात, डबा आणि छत्री घेऊन. गुडघे दुखणाऱ्या मावशींना त्याला वीस मिनिटं लागतात. त्यांना दहाच्या हजेरीसाठी आधीची बस पकडावी लागते, आणि आधीची बस पकडायची तर घरून अर्धा तास लवकर निघावं लागतं.

फाटक बंद का, हे विचारत सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. ते माजी सैनिक आहेत, त्यांनी नीट समजावून सांगितलं. मागून सामान बाहेर गेल्याची जुनी घटना आहे आणि त्या फाटकावर बसवायला माणूस नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. म्हणून मागणी लहान केली: पूर्ण फाटक नको, एक माणूस जाईल एवढी फिरती चक्री, सकाळी ८.३० ते १०.३० आणि संध्याकाळी ५.३० ते ७.३० एवढ्यापुरती, ओळखपत्र दाखवून. गाडी तिथून जाऊच शकणार नाही, त्यामुळे सामानाचा प्रश्न बराच सुटतो. अधिकाऱ्यांनी स्वतःच सुचवलं की पार्किंगमध्ये गर्दीच्या वेळी दोन रक्षक असतात, त्यातला एक या वेळात मागे देता येईल.

या एका वाक्यात प्रकल्पाचं सगळं आलं. पार्किंग सांभाळायला दोन माणसं आहेत, चालत येणाऱ्यांचं फाटक उघडायला एकही नव्हता.

१७ जुलै, गुरुवार

समितीची बैठक. विषयपत्रिकेवर आमच्या आधी पार्किंगच्या नव्या शेडचा प्रस्ताव होता, आणि त्यामुळे बोलायला चांगली जागा मिळाली.

राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, दुचाकीला एक बाय दोन. म्हणजे मोटारीला साडेबारा चौरस मीटर, दुचाकीला दोन. वळायची जागा आणखी वेगळी. ही जागा, तिच्यावरचं छप्पर, दिवे, रक्षक हे सगळं विद्यापीठ फुकट देतं. बसनं येणाऱ्याला विद्यापीठ यातलं काहीच देत नाही. म्हणजे गाडी आणली तर बक्षीस आहे, न आणली तर नाही. ते बक्षीस कोणाला दिसत नाही, कारण ते पगाराच्या पावतीवर छापलेलं नसतं.

डोनाल्ड शूप यांनी हा विचार आयुष्यभर मांडला. ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नगररचना शिकवत, याच वर्षी फेब्रुवारीत वारले. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये कायदा झाला: काही ठरावीक नोकरदात्यांनी कर्मचाऱ्याला फुकट पार्किंग देत असाल तर ते न घेणाऱ्याला तेवढी रोख रक्कम द्यावी. शूप यांनी आठ कंपन्यांत त्याचा परिणाम तपासला. एकट्यानं मोटार चालवत येणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ वर आलं. कोणावर बंदी घातली नव्हती, दंड लावला नव्हता. जे गाडीवाल्याला मिळत होतं ते इतरांनाही मिळू लागलं, एवढंच. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं १९९१ पासून विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसाठी एकत्रित बसपास सुरू केला. स्टॅनफर्डला २००० साली तिथल्या काउंटीनं बांधकामाची परवानगी देताना अट घातली की गर्दीच्या वेळी गाड्यांच्या फेऱ्या वाढता कामा नयेत. गाडी न आणणाऱ्या कर्मचाऱ्याला पैसे देण्याची पद्धतही तिथे होती. तिकडे प्रश्न मोटारींचा, आपल्याकडे मुख्यतः दुचाकींचा, त्यामुळे तिकडचे आकडे इथे चिकटवता येणार नाहीत. न्याय मात्र तोच लागू पडतो.

वित्त व लेखा अधिकाऱ्यांचा प्रश्न योग्य होता: पासाचे पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, लेखापरीक्षक आले तर काय सांगायचं? ‘कर्मचारी कल्याण’ या शीर्षात बसवता येईल असं त्यांनीच दोन दिवसांनी तपासून कळवायचं ठरलं. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी पार्किंगला शुल्क लावण्याला कडक विरोध केला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बसमध्ये चढता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. अशा माणसांची जागा राखीवच असली पाहिजे, विभागाच्या दाराशी असली पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि ते लगेच इतिवृत्तात घेतलं.

शेडचा निर्णय पुढे ढकलला. चक्रीला मंजुरी. वनाझसाठी फेरीबसला सहा महिन्यांची मंजुरी.

२९ जुलै, मंगळवार

दुचाकीवर एकट्यानं येणारे पुष्कळ, आणि मागची सीट रिकामी. एकाच सोसायटीतून, एकाच वेळी, एकाच आवारात तीन गाड्या येतात हे विभागवार वाटा काढून देताना दिसलं तेव्हा त्या तिघांना एकमेकांची ओळखही नव्हती. जोड्या लावायला सुरुवात केली. ओळख पटवण्यासाठी विभागप्रमुखांमार्फत, बायकांच्या जोड्या बायकांशीच, जिला नको तिला आग्रह नाही.

अडलं कशावर, तर हेल्मेटवर. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे आणि दुसरं हेल्मेट कोणाकडे नसतं. सुरक्षा चौकीत काही हेल्मेटं ठेवली, रजिस्टरमध्ये सही करून न्यायची. पैशांच्या बाबतीत विद्यापीठ मध्ये पडणार नाही. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीतून परवान्याशिवाय भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, म्हणून दर ठरवणं, हिशेब ठेवणं यातलं काहीही आम्ही करायचं नाही. दोघांनी आलटून पालटून आपापली गाडी काढावी, हा सर्वांत सोपा मार्ग.

४ ऑगस्ट, सोमवार

चक्री आजपासून सुरू. फेरीबसही. पाहुण्यांसाठी आणि परीक्षेच्या कामांसाठी घेतलेली छोटी बस आठवड्यातले बरेच तास उभी असते, तीच सकाळी आणि संध्याकाळी वनाझ ते आवार.

चक्रीतून पहिल्या ज्या मावशी आत आल्या त्यांनी विचारलं, “आज काय कार्यक्रम आहे का?” नाही म्हटलं, आता रोज उघडं. त्या थांबल्या आणि मागून येणाऱ्या दोघींना हाका मारून बोलावून घेतलं.

चालकदादांनी पहिल्याच दिवशी एक चांगली सूचना केली. वनाझला गाडी दहा मिनिटं उभी ठेवायला जागा नाही, वाहतूक पोलीस हटकतात. त्यामुळे मेट्रोच्या वेळेशी बस जुळवण्यापेक्षा दर वीस मिनिटांनी ठरलेल्या वेळी सोडावी, लोक आपले जुळवून घेतील. त्यांचं ऐकलं.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस धो धो पाऊस. आज फेरीबस भरून आली, कारण पावसात स्कूटर नको वाटते. संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे एकाच प्रश्नाचे: आता परत कसं जायचं?

त्यामुळे घरी परतण्याच्या हमीचा मसुदा आज पूर्ण केला. जो कर्मचारी त्या दिवशी गाडी न आणता आला आहे, त्याला कामामुळे साडेसातच्या पुढे थांबावं लागलं, किंवा घरून मूल आजारी असल्याचा फोन आला, किंवा बस बंद पडल्या, तर विद्यापीठाची गाडी सोडेल. गाडी नसेल तर रिक्षाचं बिल विद्यापीठ देईल. बिलावर विभागप्रमुखांची सही, बस्स. लेखा विभागाला भीती वाटते की लोक रोज रिक्षानं जातील. जिथे जिथे अशी हमी दिली जाते तिथला अनुभव उलटा आहे. ती फार थोडे वापरतात, पण ती आहे म्हणून बसनं यायचा धीर होतो. परीक्षा विभागातल्या मुली निकालाच्या काळात रात्री नऊपर्यंत थांबतात. त्यांना बसनं या म्हणायचा अधिकार आपल्याला या हमीनंतरच येतो.

पाळणाघराचा प्रश्न या हमीनंही सुटत नाही. आवारातच पाळणाघर, हे त्याचं खरं उत्तर आहे. प्रवासाच्या अहवालात पाळणाघराची शिफारस पाहून काहींना नवल वाटेल, तरी ती लिहिली आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीमुळे निम्मं आवार रिकामं. मेट्रो या दिवसांत रात्री उशिरापर्यंत धावते आहे, आणि वर्षभर गाडीखेरीज न फिरणारी कुटुंबं मानाचे गणपती बघायला मेट्रोनं जाऊन आल्याचं सांगतात. सुट्टीनंतर लगेच वाट-आखणीची दुसरी फेरी घ्यायची.

सायकलींबद्दल इथेच लिहून ठेवते. कोथरूडमध्ये राहणाऱ्यांना अंतर जमतं, चढ जमत नाही असं नाही. कपडे बदलायला जागा नाही आणि रस्त्यावर जीव मुठीत धरावा लागतो, ही दोन कारणं. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये सायकल आराखडा केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या आणि काही काळानं दिसेनाशा झाल्या. रस्ता आपल्या हातात नाही. कपडे बदलायची खोली आणि एक नळ आपल्या हातात आहे. क्रीडा विभागाची खोली सकाळी उघडी ठेवायचं ठरलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

परवापासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा आणि लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आवारात चर्चा एकच, दसऱ्याला कोणती गाडी. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना स्वस्तात मिळणार याचा आनंद आहे. पण जूनमध्ये बसचा पास महागला आणि सप्टेंबरमध्ये गाडी स्वस्त झाली, या दोन घटनांच्या मधोमध आमचा प्रकल्प उभा आहे. शहरात एकट्या माणसाच्या चांगुलपणावर किती भार टाकायचा? संस्थेनं मधला फरक भरून काढायला हवा.

पासाच्या अनुदानाचं टिपण आज पुन्हा लिहिलं. पास १,५०० चा, निम्मे विद्यापीठानं द्यावेत, म्हणजे कर्मचाऱ्याला ७५०. धायरीच्या त्या हिशेबात बस पुन्हा पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होते. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्कूटरवाल्या एका माणसाचे महिन्याला २९ किलो. तेच अंतर एकट्यानं मोटारीतून कापणाऱ्याचे शंभराच्या आसपास. हे आकडे टिपणाच्या शेवटी ठेवले. वर पैशांचा हिशेब ठेवला.

चार्जिंगची मागणीही आली आहे, बहुतेक मोटारवाल्यांकडून. दुचाकींसाठी साधे १६ अँपिअरचे सॉकेट लावायला माझा पाठिंबा आहे, वीज ज्याची त्यानं मोजून भरावी. विजेच्या मोटारीनं धूर जातो. साडेबारा चौरस मीटर जागा मात्र तेवढीच लागते.

६ ऑक्टोबर, सोमवार

लेट मार्क. तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा जाते. महिनाभराच्या हजेरीच्या नोंदी नावं झाकून बघितल्या: दहा ते सव्वादहाच्या दरम्यान अंगठा लावणाऱ्यांत बसनं येणाऱ्यांचीच गर्दी. चौकात बस अडकली तर त्यांच्या हातात काही नसतं. ‘आपली पीएमपीएमएल’ अ‍ॅपवर बस कुठे आहे ते दिसतं, पण दिसल्यानं ती लवकर येत नाही.

मागणी अशी: साडेनऊ ते साडेदहा कधीही या, आठ तास पुरे करा. खिडकीवर बसणाऱ्यांसाठी आलटून पालटून. कर्मचारी संघटनेनं यात पहिल्यांदा मोकळेपणानं साथ दिली, कारण याचा फायदा गाडीवाल्यांनाही आहे. सगळ्यांचा फायदा असलेली मागणी लवकर पुढे सरकते हे या प्रकल्पात शिकायला मिळालं. कुलसचिवांनी तीन महिन्यांच्या प्रयोगाचं परिपत्रक काढायला सांगितलं.

कंत्राटी कामगारांना हे लागू होणार नाही, असं ठेकेदाराचं म्हणणं. त्यांना वगळून परिपत्रक काढू नये अशी लेखी विनंती दिली आहे. सकाळी सातच्या पाळीसाठी पौडहून पहिल्या गाडीनं निघणाऱ्या बाईला सवलत नाही आणि साडेदहाला मोटारीनं येणाऱ्याला आहे, असं होता कामा नये.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीपूर्वीची शेवटची बैठक. पासाचं निम्मं अनुदान मंजूर, चतुर्थ श्रेणी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांना आधी, नोव्हेंबरपासून सहा महिने. इतरांचा विचार नंतर. परतीच्या हमीला मंजुरी. वेळेच्या सवलतीच्या परिपत्रकात कंत्राटी कामगारांचा समावेश झाला, त्यांना पंधरा मिनिटांची सूट. पार्किंगच्या शुल्काचा विषय आलाच नाही, आणि तो कधीतरी यावाच लागेल. शेडचा प्रस्ताव अजून जिवंत आहे.

मला हा क्रम पटतो. जे आधीपासून बसनं येतात त्यांना पैसे देऊन ‘एकही गाडी कमी झाली नाही’ असं कोणी म्हणेल. पण यांतले कितीतरी जण हप्त्यावर स्कूटर घ्यायच्या विचारात आहेत. पाहणीत त्यांनी ते स्पष्ट लिहिलं आहे. त्यांनी बस सोडू नये, हाही परिणामच. फक्त तो मोजायला कठीण.

१० नोव्हेंबर, सोमवार

पौडकडच्या बायकांचं एक काम राहिलं होतं. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध तिकीट आहे, पीएमपीत नाही. म्हणून काहीजणी समोर आलेली पीएमपी सोडून एसटीची वाट बघतात, आणि एसटी आपल्या थांब्यावर थांबत नाही. त्या पुढे उतरून चालत मागे येतात. विनंती थांब्यासाठी विभाग नियंत्रकांना विद्यापीठाच्या लेटरहेडवर पत्र आज गेलं, सोबत बायकांच्या सह्या. पास मिळाल्यावर काहीजणी पीएमपीकडे वळतील, पण पासाची मुदत सहा महिन्यांची आहे. थांबा झाला तर तो राहील.

फेरीबसला संध्याकाळी साडेसहाची एक फेरी वाढवावी लागणार, उभं राहायला जागा नसते. जोड्यांपैकी काही मोडल्या, काही टिकल्या. टिकलेल्यांत एका विभागातल्यांपेक्षा एका सोसायटीतल्या जास्त आहेत, तेव्हा पुढच्या जोड्या सोसायटी विचारूनच लावायच्या.

तातडीचं काम दिव्यांचं. दिवस लहान झाले, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि प्रयोगशाळेपासून चक्रीपर्यंतच्या वाटेवर तीन खांबांना दिवेच नाहीत. गेल्या आठवड्यापासून परीक्षा विभागातल्या मुली पुन्हा मुख्य फाटकानं वळसा घालून जाऊ लागल्या आहेत. विद्युत विभागाच्या अभियंत्यांशी फोनवर बोलले. त्यांनी उद्या सकाळी अकराची वेळ दिली होती, ती बदलून संध्याकाळी साडेसहाची घेतली. जागा चक्रीजवळ. सुरक्षा अधिकारीही येतील आणि परीक्षा विभागातल्या दोघीजणी.